वर्षाचे गाणे आणि गाण्याचे वर्ष

डिसेंबर महिना सरत आला, की अलीकडे प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल त्याच्या आवडीचा ताळेबंद त्याच्याच पुढे ठेवू लागतो. वर्षभरात कोणते गाणे किती वेळा ऐकले, कोणत्या गायकाला किती मिनिटे दिली, याची रंगीबेरंगी यादी तयार होऊन येते आणि ती इतरांना दाखविण्याचा उत्साहही मोठा असतो. पुण्या-मुंबईच्या तरुणांपुरती ही गोष्ट आता राहिलेली नाही. हदगावसारख्या तालुक्याच्या गावी बसस्थानकावर नांदेडच्या गाडीची वाट पाहणारा विद्यार्थी, तहसील कचेरीतला कारकून, निवृत्तीला टेकलेले शिक्षक या साऱ्यांना हा हिशेब घरबसल्या मिळतो. त्यात गमतीही होतात. नातवाने जेवावे म्हणून आजोबांनी वर्षभर लावलेले बडबडगीत आजोबांच्या आवडीच्या शिरोभागी जाऊन बसते, आणि एकदाच, परंतु जिवाचा कान करून ऐकलेला अभंग त्या यादीत कोठेच नसतो. यादी खोटी नसते. ती फक्त मोजता येईल तेवढेच मोजते.

वस्तुतः वर्षाच्या गाण्यांचा असा हिशेब मांडण्याची प्रथा मोबाइलच्या फार आधीची आहे. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी यांच्या आवाजाने बुधवारची रात्र भारून टाकणाऱ्या त्या कार्यक्रमात गाण्यांना क्रम दिला जाई आणि वर्षाच्या अखेरीस वार्षिक यादी जाहीर होई. तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांची पत्रे हा त्या क्रमाचा मुख्य आधार. १९५५ सालच्या यादीत पहिला मान मिळाला तो ‘श्री ४२०’ मधल्या, शैलेंद्र यांनी लिहिलेल्या आणि मुकेश यांनी गायिलेल्या जपानी जोड्याच्या गाण्याला. तो निवाडा चुकीचा होता असे आजही कोणी म्हणणार नाही. ते गाणे रशियापर्यंत गेले आणि अजूनही शिळे झालेले नाही.

परंतु याच १९५५ सालाची दुसरी एक वही मराठी माणसापाशी आहे, आणि तिच्यात क्रमांक नाहीत. १ एप्रिल १९५५, रामनवमी, वार शुक्रवार. सकाळी पावणेनऊ वाजता आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गदिमांचे एक गीत सुधीर फडके यांच्या चालीत प्रसारित झाले. मग दर शुक्रवारी एक नवे गीत, आणि शनिवारी व रविवारी त्याचेच पुनःप्रसारण, असा क्रम १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीपर्यंत अखंड चालला. योजना बावन्न आठवड्यांची होती. त्या वर्षी भाद्रपद अधिक आला, रामनवमी महिनाभर लांबली, आणि बावन्नाची छप्पन्न गीते झाली. पंचांगाने कवीकडून चार गाणी जादा लिहवून घ्यावीत, असा योग वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच.

‘गीतरामायणा’विषयी भक्तिभावाने पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात भर घालण्याचे येथे प्रयोजन नाही. येथे प्रश्न आहे तो वेगळा. माडगूळकर आणि फडके ही दोन्ही चित्रपटाच्या धंद्यात मुरलेली माणसे. ‘वंदे मातरम्’, ‘पुढचं पाऊल’, ‘लाखाची गोष्ट’ या चित्रपटांनी त्यांच्या जोडीचे नाव घरोघर झाले होते. दोघेही तेव्हा पस्तिशी ओलांडलेले. बाजारात मागणी असलेले. चालत्या दुकानाचा मालक सहसा माल बदलत नाही. मग या दोघांनी तीन मिनिटांच्या चित्रपटगीताची वाट बाजूला ठेवून चोवीस हजार श्लोकांचे महाकाव्य वर्षभर, आठवड्याला एक, असे गाण्यातून सांगण्याचा उद्योग कसा काय अंगावर घेतला? ‘प्रतिभा’ हे याचे उत्तर सर्वस्वी खरे आहे, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वस्वी अपुरे.

उत्तराचा एक धागा दिल्लीत सापडतो. १९५२ साली बा. वि. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटसंगीताने राष्ट्राची अभिरुची बिघडते अशी त्यांची धारणा असल्याने आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम व्हायचा तोच झाला. श्रोता सुधारला नाही. त्याने रेडिओची कळ फिरवून सिलोन लावले, आणि ‘बिनाका’ची भरभराट दिल्लीच्या कृपेने झाली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ ला ‘विविध भारती’ सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. मागणी दडपली की माल शेजारच्या बाजारातून येतो, हा धडा शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण वर्गात मिळणार नाही. याच आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला मज्जाव केला होता, हेही जाता जाता आठवावे. खेडोपाडीच्या प्रत्येक भजनी मंडळाच्या मध्यभागी असलेले वाद्य सरकारी नभोवाणीला परके वाटत होते.

हे झाले बंदीचे. परंतु चित्रपटगीते काढून टाकल्यावर वेळ मोकळा पडला आणि तो भरण्यासाठी आकाशवाणीला स्वतःचे सुगम संगीत उभे करावे लागले. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेले, म्हणजे अवघे दीड वर्षाचे. तेथले अधिकारी सीताकांत लाड यांनी आपले स्नेही माडगूळकर यांच्यापाशी काही मोठे, सलग काम मागितले. त्यातला विनोद असा, की चित्रपटसंगीताला पर्याय देण्याची वेळ आली तेव्हा नभोवाणीला चित्रपटातल्याच माणसांकडे जावे लागले. चित्रपटाचा दोष माणसांत नव्हता. त्या माणसांना तेथे मिळणाऱ्या जागेत होता.

जागा हा शब्द येथे अगदी शब्दशः घ्यावयाचा. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांत संपते. चित्रपटातील प्रसंग तेवढाही थांबत नाही. त्यामुळे दोन-तीन कडव्यांत भावना आटोपणे हा काव्याचा नव्हे तर लाखेच्या तबकडीचा नियम होता, आणि पुढे तोच काव्याचा नियम म्हणून रूढ झाला. पुणे केंद्राने दिली ती पंधरा मिनिटे. पंधरा मिनिटांत आठ-दहा कडवी मावतात, पात्र बोलू लागते, विचार बदलते, वाद घालते. ‘गीतरामायणा’तली गीते कथा सांगतात, नुसती भाववृत्ती रंगवीत नाहीत, याचे निम्मे श्रेय कवीला आणि निम्मे त्या घड्याळाला आहे. शिवाय प्रत्येक गीत ज्याच्या त्याच्या तोंडी असल्याने आवाजही निरनिराळे हवे होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, ललिता फडके, लता मंगेशकर असे गळे त्या वर्षी एका धाग्यात ओवले गेले. कोणत्याही एका निर्मात्याने आपल्या तिजोरीवर हा घाट घातला नसता.

दुसरी गोष्ट मुदतीची. पहिल्याच गीताचा कागद हरवला आणि लाडांनी माडगूळकरांना खोलीत बसवून ते पुन्हा लिहवून घेतले, ही हकिकत महाराष्ट्रात आवडीने सांगितली जाते. तिच्यातले तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. मुद्दा बदलत नाही. शुक्रवार टळणारा नव्हता. कलावंताला स्वातंत्र्य हवे हे खरे, परंतु त्या स्वातंत्र्याला वाराची खुंटी असली की ते कामाला लागते. अमुक एक गीत जमले नाही तर? पुढच्या शुक्रवारी दुसरे होतेच. पहिल्या चार गीतांना श्रोत्यांची पत्रे किती आली यावर पाचव्याचे भवितव्य ठरणार नव्हते. दिशा बदलू पाहणाऱ्या कलावंताला सर्वांत महाग पडते ती गोष्ट म्हणजे फसण्याची मुभा, आणि ती मुभा एका सार्वजनिक संस्थेने वर्षभराची आगाऊ देऊन टाकली होती. पैसा किती दिला यापेक्षा हे देणे मोठे होते.

हदगावला त्या शुक्रवारांचा पत्ता नव्हता. १९५५ साली हदगाव हैदराबाद राज्यात होते. पैनगंगा ओलांडली की लागणारे उमरखेड मध्य प्रदेशात, आणि पुणे मुंबई राज्यात. म्हणजे एकाच भाषेचा श्रोता तीन राज्यांत विभागलेला, आणि त्याच्या मध्ये दिवसाच्या प्रक्षेपणाला सहज न ओलांडता येणारे शेकडो मैलांचे अंतर. निजामाच्या राजवटीतून सुटून सात वर्षेही झाली नव्हती. शाळेत मराठी माध्यम नुकते रुजू लागले होते. रेडिओ ही टपाल कचेरीतून वार्षिक परवाना काढून बाळगण्याची, श्रीमंताच्या दिवाणखान्यातली वस्तू होती. त्याच वर्षी राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. मराठवाडा मुंबई राज्याला जोडावा आणि विदर्भ स्वतंत्र ठेवावा, अशी त्याची शिफारस. म्हणजे पैनगंगा पुन्हा सरहद्दच राहणार होती. जानेवारी १९५६ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाले, माणसे पडली, आणि दर शुक्रवारी पावणेनऊला गाणे मात्र चालू राहिले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ एकाच द्वैभाषिक राज्यात आले, तेव्हा छप्पन्नावे गीत होऊन अर्धे वर्ष लोटले होते.

मराठवाड्याकडे ही गीते आली ती उशिरा आणि दुसऱ्या वाटेने: छापील पुस्तकातून, फडके यांच्या जाहीर कार्यक्रमांतून, तबकड्यांतून, गणेशोत्सवाच्या कर्ण्यातून आणि हौशी शिक्षकाच्या पेटीवरून. साठच्या दशकाच्या अखेरीस परभणीचे केंद्र आले आणि ट्रान्झिस्टर शेताच्या बांधावर जाऊन बसला, तेव्हा कोठे नभोवाणी या भागाची झाली. म्हणून येथल्या माणसाला ‘गीतरामायण’ हे वर्षभराचे नाट्य म्हणून कधी ऐकावयास मिळाले नाही. पुढे काय होणार याची आठवडाभर वाट पाहण्याचे सुख पुणेकरांच्या वाट्याला आले, त्याला सगळे एकदम मिळाले. मागासलेपणाचा हिशेब रस्ते, सिंचन आणि रेल्वे यांत मांडतात. वाट पाहण्याच्या सुखाचा अनुशेष कोणत्याही समितीने मोजलेला नाही, आणि मोजता येईल असेही नाही.

या कथेची एक उलट बाजूही सांगितली पाहिजे. नवी वाट यशस्वी झाली, की तिचाच हमरस्ता होतो आणि मग त्यावरून उतरणे कठीण. फडके यांच्याकडून लोकांनी जन्मभर तेच मागितले. ‘जगाच्या पाठीवर’ किंवा हिंदीतले ‘भाभी की चूडियाँ’ हे मोठे काम त्यांनी पुढे केले, तरी सभागृह भरे ते ‘गीतरामायणा’ने. माडगूळकरांनी पुढे ‘गीतगोपाल’ लिहिले, चाली सी. रामचंद्र यांच्यासारख्या संगीतकाराच्या. परंतु तसे भाग्य त्याला लाभले नाही. त्यानंतर ‘गीत’ हा शब्द पुढे लावून कितीतरी मालिका महाराष्ट्रात निघाल्या. त्यांतल्या बहुतेकांनी साचा घेतला आणि धोका मात्र घेतला नाही.

याच सुमारास देवासला कुमार गंधर्व क्षयाच्या आजारातून उठत होते. बालवयापासून मैफली गाजविलेल्या या गायकाला १९४७ नंतर सुमारे पाच वर्षे गाणे बंद ठेवावे लागले. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याची लोकगीते त्यांच्या कानांवर आली, आणि जो गायक उठला तो पूर्वीचा नव्हता. बाजारातून सक्तीने मिळालेली सुटी, एवढाच त्या दुर्दैवातला लाभ. क्षयरोगावर सांस्कृतिक धोरण उभारता येत नाही. पण सुटी हवी, हे त्यातून दिसते.

आता आजच्या यादीकडे वळावे. मोबाइलमुळे गाणाऱ्याला दार उघडे झाले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. हदगावच्या मुलाला आपला आवाज जगापुढे ठेवण्यासाठी आज ना मुंबईच्या स्टुडिओची ओळख लागते, ना कोणा अधिकाऱ्याची मर्जी. १९५५ मध्ये पुणे केंद्राच्या दारात तो पोचलाच नसता. पण दारातून आत गेल्यावर व्यवहार कसा आहे, ते पाहावे. स्पॉटिफायसारख्या कंपनीच्या हिशेबात गाणे तीस सेकंद वाजले की ‘ऐकले’ असे धरतात. म्हणजे दहावे कडवे लिहिणाऱ्याला आणि पहिल्याच कडव्यात थांबणाऱ्याला मोल सारखेच. २०२४ पासून, वर्षभरात एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ही कंपनी काहीच देत नाही. शिवाय वर्गणीचा पैसा एका मोठ्या हौदात जमा होतो आणि देशभर एकूण किती वाजले त्या प्रमाणात वाटला जातो. हदगावच्या एखाद्या शिक्षकाने महिनाभर केवळ एका अनोळखी भजनी गायकाला ऐकले, तरी त्याच्या वर्गणीतला मोठा वाटा त्या महिन्यात देशात जे गाजले त्याच्याकडे जातो. जुन्या तबकडीने साडेतीन मिनिटांची भिंत घातली होती. नव्या व्यवहाराने ती तीस सेकंदांवर आणली. गाण्यांचे वाद्यमेळाचे प्रास्ताविक आखूड का झाले, पहिल्याच ओळीला ठेका का आदळतो, याचे कारण तरुणांच्या अभिरुचीत शोधणारे लोक चुकीच्या ठिकाणी शोधतात.

२०१२ च्या कायदेदुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातला कायमचा वाटा कोणालाही विकत घेता येणार नाही, अशी तरतूद केली. ती योग्य होती, परंतु तिचा लाभ ज्याचे गाणे आधीच चालले आहे त्याला. ज्याला अजून न चाललेले काही करून पाहावयाचे आहे त्याच्यासाठी कायद्यात कलम नाही.

सरकार आणि बाजार यांखेरीज तिसरी एक रीत मराठवाड्याला चांगली ठाऊक आहे. ती वर्गणीची. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यामागे ना नभोवाणीचा वेळ होता, ना चित्रपटाची तिजोरी. जयंतीच्या दिवशी वस्तीतल्या मजुरांनी गोळा केलेल्या नाण्यांवर आणि मुक्कामाच्या भाकरीवर भीमगीतांची सारी परंपरा उभी राहिली. चित्रपटात शिरण्याच्या इच्छेने मुंबईत वावरलेल्या या कवीने दिशा बदलली ती लोकांच्या आधारावर. हरिनाम सप्ताहाचेही तसेच. धान्याची पोती, तेलाचे डबे, रोख शेकडा असे घरोघरचे देणे जमा होते आणि आठवडाभर गाव ऐकत बसते. नांदेडात घडलेले पंडित नाथराव नेरळकर २०२१ मध्ये निवर्तले. अभिजात संगीत ऐकणारा वर्ग या भागात त्यांच्यासारख्यांनी शिकवण्यांतून एकेक माणूस जोडून तयार केला. हेही एका परीने वर्गणीचेच काम; फक्त नाणी गाणाऱ्याच्या आयुष्यातल्या वर्षांची होती.

ही रीत मेलेली नाही. तिचा पैसा दुसरीकडे वळला आहे. आज मिरवणूक कोणत्याही निमित्ताची असो, वर्गणीतला मोठा भाग डीजेच्या भाड्यात जातो. हा एका जातीचा, एका धर्माचा किंवा एका उत्सवाचा दोष नव्हे. ध्वनिवर्धकाचे भाडे हे मुळात कोणा गाणाऱ्याचे मानधन नाही. ते लोखंडाचे, विजेचे आणि वाहतुकीचे भाडे आहे. गावाने संगीतावर खर्च केला असे वहीत दिसते, आणि गावातल्या एकाही गळ्याला त्यातला रुपया मिळालेला नसतो. ऐकावयाचे तेही मागच्या वर्षी जे गाजले तेच.

शाळेकडे पाहावे, तर शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, असे २००९ पासून लिहिलेले आहे. कलाशिक्षण या शब्दात चित्रकलाही येते आणि गाणेही. हे निदेशक किती शाळांत नियमाने दिसतात, याचा अनुभव शिक्षक वाचकांना सांगावयास नको.

तेव्हा मागणे मोठे नाही. राज्यातील सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्यान्वये वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. त्यांच्यापाशी खोली आहे, सतरंजी आहे, संध्याकाळ आहे. तालुक्याच्या एखाद्या ग्रंथालयाने किंवा महाविद्यालयाने आठवड्यातली एक ठरावीक वेळ, पंधरा मिनिटांची, वर्षभरासाठी एका कवीला आणि एका गाणाऱ्याला आगाऊ देऊन टाकावी. विषय त्यांनी निवडावा. पैनगंगेचा असो, हळदीच्या काढणीचा असो, तुकोबांचा असो की इसापूरच्या कालव्याच्या पाण्यासाठी चाललेल्या भांडणांचा. अट एकच, की दर आठवड्याला नवे काही झाले पाहिजे आणि जुने गाजलेले पुन्हा म्हणावयाचे नाही. मिरवणुकीतल्या एका रात्रीच्या आवाजाचे जे भाडे पडते, तेवढ्यात अशा बावन्न बैठकांचे साधे मानधन आणि चहा भागू शकेल. निदान कोणा मंडळाच्या खजिनदाराने वही उघडून हे गणित करून पाहावयास हरकत नाही. पहिल्या महिन्यात ऐकावयास सात माणसे येतील. त्यांतली तीन ग्रंथालयाची कर्मचारी असतील. पाचव्या आठवड्याचे गाणे कदाचित अगदीच पडेल, आणि सहाव्या आठवड्याला खोलीचे कुलूप ठरल्या वेळी काढावयाचे की नाही, असा प्रश्न कार्यकारिणीच्या सभेत निघेल.